‘जागा खासगी आहे’ म्हणाले म्हणून विषय संपत नाही: खाडी, कांदळ आणि सीआरझेड

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी गाव, दिवाळीपासून बारा गुंठे कांदळ, म्हणजे खारफुटी, तोडून त्यावर तांबड्या मातीचे डंपर रिकामे होतायत, खाडीच्या तोंडाशी पुळणीवरचा वाळूचा उंचवटा जेसीबीने सपाट केलाय, ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले जागा खासगी आहे सातबारा आहे त्यांच्या नावावर, तलाठी म्हणाले सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, आमच्या हातात नाही, आणि तुम्ही विचारताय की मग किनाऱ्याचा कायदा आहे तरी काय, तक्रार करायची कुठे, आणि खाडीवर समुद्रावर लक्ष ठेवायचं काम नक्की कोणाचं.

मी गेली बावीस वर्षं किनाऱ्याची मोजणी, सीआरझेडचे नकाशे आणि खाडीच्या पाण्याचे नमुने ह्याच कामात आहे, आधी एका सल्लागार कंपनीत होतो, आता बरीच वर्षं गावांच्या बाजूने कागद तयार करून देतो. उत्तर लांबेल, पण वाचा, कारण ह्या विषयात अर्धं कळलं की माणूस चुकीच्या ऑफिसात सहा महिने घालवतो आणि ते सहा महिने किती महागात पडतात ते पुढे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमच्या प्रकरणात कायदा कमी पडत नाहीये. कमी पडते ती नोंद, म्हणजे ‘हे व्हायच्या आधी इथं काय होतं’ ह्याची. मी पाहिलेली बहुतेक प्रकरणं तिथेच हरलीत. नुकसान झाल्यावर सगळे पुरावा शोधायला लागतात आणि तोवर पुराव्यावरच भराव पडलेला असतो.

आता कायदा. १९८१ च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं की भरतीरेषेपासून ५०० मीटर जागा मोकळी ठेवा. ते नुसतं पत्र होतं. पुढे १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा आला, आणि त्याच्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ ला पहिली सीआरझेड अधिसूचना निघाली, मग २०११ ची आणि आता चालू आहे ती १८ जानेवारी २०१९ ची. ह्यात एक गोम आहे जी लोकांना माहीत नसते, सीआरझेड हा संसदेत पास झालेला वेगळा कायदा नाही, ती अधिसूचना आहे, म्हणजे केंद्रातलं मंत्रालय ती संसदेत न जाता बदलू शकतं, १९९१ चीच वीसहून जास्त वेळा बदलली गेली. म्हणून कोणी ‘सीआरझेड आता उठला’ असं सांगितलं तर घाबरायचं नाही पण कुठल्या तारखेची अधिसूचना लागू हे मात्र दरवेळी बघायचं. बदलाचा मसुदा निघाला की हरकती द्यायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि आपल्या किनाऱ्यावरून जेमतेम काही पत्रं जातात ह्याचं मला फार वाईट वाटतं.

समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५०० मीटर सीआरझेड. खाडीच्या काठाला २०११ मध्ये १०० मीटर होतं किंवा खाडीच्या रुंदीइतकं, जे कमी असेल ते. २०१९ ने ते ५० मीटरवर आणलं. म्हणजे खाडीपासून ७० मीटरवरचा प्लॉट जुन्या नियमात आत होता आणि नव्यात बाहेर गेला, गावात जे ‘आमचं सुटलं’ म्हणतात ते हे. पण तुमच्याकडे कांदळ आहे, तिथे हा हिशोब चालत नाही, सांगतो.

कांदळ, वाळूचे उंचवटे, कासवांची अंडी घालायची जागा, प्रवाळ, चिखलाची जिवंत मळई, हे सगळं सीआरझेडच्या चार वर्गांपैकी एक-अ. ह्यात जवळपास सगळ्यालाच बंदी, वाळूचे उंचवटे सपाट करणं तर बंदीच्या यादीत स्पष्ट लिहिलंय. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा एक-ब. शहरी वस्ती म्हणजे दोन. गावं तीनमध्ये येतात, आणि २०१९ पासून तीनचे दोन भाग झाले, २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तर तीन-अ आणि तिथे बांधकामबंदी ५० मीटर, कमी असतील तर तीन-ब आणि तिथे २०० मीटर, हे समुद्राकडच्या बाजूचं. रत्नागिरी जिल्ह्याची घनता त्या जनगणनेत १९७ होती, सिंधुदुर्गाची १६३. म्हणजे आपली बहुतेक गावं तीन-ब आणि २०० मीटर हे पाठ करून ठेवा, कारण एजंट लोक सगळीकडे ‘आता पन्नासच मीटर आहे’ सांगत फिरतात. आणि समुद्राचं पाणी, १२ सागरी मैलांपर्यंत, ते चार. बाकी कोळी, गाबीत, खारवी लोकांच्या घरांना वेगळ्या सवलती आहेत, त्यामुळे मच्छीमार वाड्यांमध्ये ‘सीआरझेडची तक्रार केली की आपलीच घरं जातील’ अशी जी भीती घातली जाते तिच्यावर विश्वास ठेवू नका.

आता भरतीरेषा, कारण सगळं तिच्यापासून मोजतात आणि सगळे घोळही तिथेच. कायद्यातली भरतीरेषा म्हणजे रोजच्या भरतीची रेषा नाही, उधाणाचं पाणी जिथवर चढतं ती. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, येऊन कोणी फोटो काढला आणि म्हणाला बघा पाणी किती लांब आहे, तर तो फोटो काही कामाचा नाही. मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मा, त्यामुळे एका ठिकाणचा अंदाज दुसरीकडे लावायचा नाही. मी मोजणीला गेलो की आधी मर्यादवेल शोधतो, जांभळ्या फुलांची ती वेल जी पुळणीवर पसरते, समुद्राने हिच्यापुढे यायचं नाही म्हणून तिला ते नाव पडलं असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची, आणि खरंच उधाणाच्या पाण्याची हद्द आणि त्या वेलीची हद्द बऱ्याच ठिकाणी हातभर अंतरात सापडते. जेसीबीने उंचवटा सपाट केला की पहिली ती वेल जाते आणि मग रेषा कुठे होती हे सांगणारं जमिनीवर काही उरत नाही. मालवणकडे एकदा मी नकाशा पसरून बसलो होतो तेव्हा एक रापणकर आजोबा म्हणाले, "भरती खयपर्यंत येता ता माका इचारा, नकाशाक कित्याक इचारतास." त्यांनी दाखवलेल्या दगडावर दोन दिवसांनी अमावस्येला पाणी टेकलं. तेव्हापासून मी प्रत्येक गावात आधी म्हाताऱ्या माणसांना विचारतो आणि मग यंत्र लावतो.

अधिकृत रेषा सरकारी नकाशावर असते. जिल्ह्याचे नकाशे १:२५,००० प्रमाणाचे, महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या साईटवर बघायला मिळतात. पण त्या नकाशावर अर्ध्या मिलीमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर साडेबारा मीटर झाले, ५० मीटरचा पट्टा म्हणजे फक्त दोन मिलीमीटर, त्यावर एका गटाचा निकाल लावणं चूक आहे. १:४,००० चा गाव पातळीचा नकाशा वेगळा असतो, त्यात गट नंबर दिसतात, तो मागा. माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात ‘सीआरझेडची माहिती द्या’ असं मोघम लिहिलं की मोघम उत्तर येतं, तिथे गट नंबर घालून लिहायचं की ह्या गटाचा १:४,००० नकाशा, ह्या गटावर दिलेली कुठलीही सीआरझेड परवानगी, बिनशेती आदेश आणि आजवरचे स्थळपाहणी अहवाल ह्यांच्या प्रती.

खाडीच्या आत सीआरझेड कुठवर जातो हाही प्रश्न नेहमी येतो. उत्तर मिठात आहे. भर उन्हाळ्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, लिटरला ५ ग्रॅम मीठ जिथवर सापडतं तिथवर ती खाडी धरायची. समुद्रात साधारण ३५ ग्रॅम असतं. खाजणात शेती करणाऱ्या माणसाला पाणी मचूळ कुठे होतं ते पायाखालच्या वाटेसारखं माहीत असतं, आणि मीठ मोजायचं छोटं यंत्र, डोळ्याला लावून बघायचं, ते काही फार महाग नाही, गावाने एक घेऊन ठेवावं आणि दर मे महिन्यात चार ठिकाणी मोजून वहीत लिहावं असं मी सगळ्यांना सांगतो. पावसाळ्यात मोजून ‘इथे तर गोडं पाणी आहे’ म्हणून रेषा खाली ढकलायचे प्रकार मी पाहिलेत.

आता ‘जागा खासगी’ ह्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेत २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ ला अंतिम निकाल दिला. त्याचा गाभा असा की राज्यात कुठेही कांदळवन तोडायला बंदी, जमिनीचा मालक कोणी का असेना, क्षेत्र कितीही का असेना, आणि कांदळाच्या सगळ्या बाजूंनी ५० मीटरच्या आत बांधकाम नाही, राडारोडा नाही. कांदळ तोडणं हे जगण्याच्या हक्कावरच, म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या कलमावर घाला आहे असं न्यायालयाने म्हटलंय, आणि बेकायदा नष्ट झालेलं कांदळवन पुन्हा उभं करायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. सातबाऱ्यावरच्या नावाने इथे काही फरक पडत नाही. हे ‘क्षेत्र कितीही’ महत्त्वाचं का, तर अधिसूचनेत ५० मीटरचा राखीव पट्टा १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाला दिलाय. १००० चौरस मीटर म्हणजे जवळपास दहा गुंठे. मग लोक काय करतात, मधून मधून तोडून तुकडे करतात, प्रत्येक तुकडा आठ-नऊ गुंठ्यांचा दाखवतात आणि म्हणतात पट्टा लागू नाही. उच्च न्यायालयाचा निकाल ती पळवाट बंद करतो, त्यामुळे तक्रारीत अधिसूचनेबरोबर ह्या निकालाची तारीख घालाच.

ह्यातली दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. खारबंदिस्तीचा बांध फुटतो, दुरुस्तीला वर्षानुवर्षं कोणी येत नाही, भातशेतीत खारं पाणी शिरतं, चार-पाच वर्षांत तिवर आणि मारांडी उगवते, आणि मग त्या शेतकऱ्याला सांगतात की आता हे कांदळवन, हात लावायचा नाही. त्याचा राग मला समजतो, त्याने काही चूक केलेली नसते. ह्यावर उपाय बांध फुटल्या आठवड्यातच आहे, १९७९ च्या खारजमीन विकास कायद्याखाली बांध सरकारी योजनेतला असेल तर खारभूमी विभागाकडे लेखी तक्रार, फोटो, पंचनामा, पीक नुकसानीची नोंद. तेव्हाचा कागद असेल तर पुढे बोलायला जागा राहते. नाहीतर दहा वर्षांनी तो शेतकरी आणि त्याची जमीन स्वस्तात घेऊन भराव टाकणारा, दोघं सरकारदरबारी एकाच रांगेत उभे राहतात, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

शिक्षा. पूर्वी पर्यावरण कायद्याच्या १५ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. जनविश्वास कायद्याने ते बदललं आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला, तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो, दंड भरला नाही तर मात्र तुरुंगवासाची तरतूद आहे. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावरच्या एका गुंठ्याचा भाव बघता हा दंड काही लोकांना परवानगीची फी वाटेल. म्हणून तक्रारीत दंडापेक्षा दोन गोष्टींवर जोर द्या, काम ताबडतोब थांबवणं आणि भराव काढून जागा होती तशी करून देणं. त्याच कायद्याच्या ५ व्या कलमात काम बंद करायचे, वीज-पाणी तोडायचे आदेश देता येतात, हे अधिकार राज्याच्या किनारा प्राधिकरणालाही आहेत. आणि पाडकाम होत नाही असं समजू नका, किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा तो गाजलेला बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला, केरळात मरडूची चार इमारत संकुलं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये जमीनदोस्त झाली, ती सीआरझेडसाठीच.

आता पुरावा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मला एका गावात जागा बघायला बोलावलं होतं. गावाने तक्रार केली होती, तीन फोटो जोडले होते, फोटोवर तारीख नाही, गट नंबर नाही, मागे ओळखीची एकही खूण नाही, नुसती माती आणि डंपर. पाहणी झाली चार महिन्यांनी, तोवर पावसाने भरावावर गवत आलं होतं आणि पंचनाम्यात लिहिलं गेलं ‘गवताळ पड जमीन’. मी एका कोपऱ्यात हातभर खणलं, तांबडी माती संपली आणि खाली काळा चिखल, त्यात तिवराची ती पेन्सिलीसारखी वर येणारी मुळं तशीच उभी, कुजायला लागलेली. बाजूला गावातल्या दोन बायका उभ्या होत्या, त्या इथेच कालवं काढायच्या, मुळं बघितल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तो पंचनामा बदलायचा अधिकार नव्हता. पुढे हरित न्यायाधिकरणात जायचं ठरेपर्यंत मुदत गेली होती. ती जागा आज कंपाउंडच्या आत आहे.

आज हे प्रकरण जिंकता आलं असतं, आणि ते कसं हे नीट समजून घ्या. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात, २०१५-१६ पासूनचे साठवलेले आहेत, साधारण दर पाच दिवसांनी नवा येतो. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर, म्हणजे आपला एक गुंठा. एका ठिपक्याला एक गुंठा, इतकं सोपं. कांदळ त्यात गडद हिरवं दिसतं, तांबडी माती लगेच वेगळी दिसते. भराव पडायच्या आधीच्या आठवड्याचा आणि नंतरचा असे दोन फोटो तारखेसकट शेजारी ठेवले की ‘इथे काही नव्हतंच’ म्हणायला जागा राहत नाही. गुगल अर्थवर जुनी चित्रं आहेत ती आणखी स्पष्ट असतात पण तारखा विरळ. दोन्ही वापरा. फक्त जून ते सप्टेंबर ढग असतात, उपग्रहाला काही दिसत नाही, आणि भराव टाकणाऱ्यांनाही हे आता कळलंय असं मला दिसतं, त्यामुळे पावसाळ्यात डोळ्यांनी लक्ष ठेवावं लागतं.

आणि सरकारी आकड्यांवर विसंबू नका, ते खोटे असतात म्हणून नव्हे, त्यांची जाळी मोठी असते म्हणून. देशाच्या वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन दाखवलंय. पण त्या नकाशात एक हेक्टरच्या खालचं काही धरत नाहीत, म्हणजे शंभरेक गुंठे. तुमच्याकडचे बारा गुंठे तुटले तरी त्या अहवालात त्याचं काही उमटणार नाही. म्हणून ते बारा गुंठे तुम्हीच मोजून ठेवायचे.

मोबाईलच्या फोटोत लोकेशन चालू ठेवा, मूळ फाईल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवली की आतली माहिती बहुतेक वेळा जाते. प्रत्येक फोटोत एक न हलणारी खूण येऊ दे, जेटी, साकव, देवळाचा कळस, विजेचा खांब. एका गावात प्राथमिक शाळेतले गुरुजी दर डिसेंबरात त्याच जेटीच्या टोकावरून, त्याच दिशेला, मुलांच्या सहलीचा फोटो काढायचे. अकरा वर्षांचे फोटो निघाले, प्रत्येकात मुलांच्या मागे कांदळ, आणि बाराव्या वर्षी मागे भराव. ते बारा फोटो ओळीने लावून दिले आणि सुनावणीत समोरच्याकडे बोलायला काही राहिलं नाही. भराव काढायचा आदेश झाला, पाण्याची वाट मोकळी केली आणि तिसऱ्या वर्षी चिप्पी आणि तिवर आपोआप वर आलं, कोणी लावलं नाही. पाणी आत-बाहेर व्हायला लागलं की झाडं स्वतः येतात, म्हणून ‘आम्ही दुसरीकडे हजार रोपं लावतो’ हे मान्य करू नका, आधी पाण्याची वाट मोकळी मागा.

तक्रार कोणाकडे. जिल्हाधिकारी हे जिल्ह्याच्या किनारा समितीचे अध्यक्ष असतात, आणि त्या समितीत मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत असं अधिसूचनेतच आहे, तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत हे विचारा, बऱ्याच जणांना आपल्या भागाचा प्रतिनिधी कोण हेच माहीत नसतं. तर एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना समितीचे अध्यक्ष म्हणून, त्याचीच प्रत मुंबईत राज्य किनारा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांना, वनविभागाच्या कांदळवन कक्षाला, तहसीलदारांना आणि ग्रामपंचायतीला. तलाठी म्हणाले आमच्या हातात नाही, ते परवानगीपुरतं खरं असेल, पण भरावाची माती कुठून आली, तिची रॉयल्टी भरली का, बिनशेती झालं का, हे सगळं महसूलकडेच आहे, तो वेगळा अर्ज तहसीलदारांकडे द्या, कधी कधी ह्या बाजूने काम लवकर थांबतं. प्रत्येक अर्जावर पोच घ्या, आवक नंबर आणि शिक्का, ईमेल केला असेल तरी कागद द्या. पाहणी ‘आमच्या समक्ष’ व्हावी आणि तारीख आधी कळवावी असं अर्जात लिहा.

आणि तारीख मोजत राहा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, तिथे कलम १४ खाली अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, वर फार तर ६० दिवस सवलत. नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी कलम १५ आहे, त्याला पाच वर्षं. भरपाई मागत नसाल तर फी १००० रुपये, वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. बरेच जण ऑफिसच्या उत्तराची वाट बघत सहा महिने घालवतात. तुमचा भराव दिवाळीत सुरू झाला, म्हणजे तुमचं घड्याळ दिवाळीपासून चालू आहे, उत्तर येवो न येवो.

पाण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की वरच्या अंगाच्या कारखान्यांमुळे कधी कधी मासे मरून वर येतात. हा वेगळा कायदा, १९७४ चा पाण्याचा, आणि वेगळं खातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ, तुमच्या बाजूला त्यांचं ऑफिस चिपळूणला आहे. इथे वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण खाडीचं पाणी दिवसातून दोनदा बदलतं, सकाळी मेलेल्या माशांचं कारण संध्याकाळी समुद्रात गेलेलं असतं. पहाटे फोन करा, वेळ लिहून ठेवा, कोणाशी बोललात ते लिहा. कारखान्याच्या सांडपाण्याचा कोर्टात चालणारा नमुना मंडळाच्या माणसानेच घ्यावा लागतो, कलम २१ प्रमाणे कारखान्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून. तुम्ही भरलेल्या बाटलीवर कोणाला शिक्षा होत नाही. तरीही भरा, स्वच्छ बाटलीत काठोकाठ, हवा न ठेवता, बर्फात, कारण त्या आकड्यावरून खात्याला यावं लागतं. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो म्हणून मोजायचा तर सूर्य उगवायच्या आधी, दुपारी बाराला येऊन मोजला तर बरा दिसणारच. पोहण्याच्या आणि मासेमारीच्या पाण्याला लिटरला ४ मिलिग्रॅम प्राणवायू हा देशाचा निकष आहे, शिंपल्यांच्या आणि संवेदनशील जागांना ५. समुद्राच्या पाण्यावर केंद्राची देखरेख १९९०-९१ पासून चालू आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राकडून, पण ती ठरलेल्या ठिकाणी असते, तुमच्या खाडीच्या वळणावर कोणी रोज उभं नाही. त्यापेक्षा डोल जाळं लावणाऱ्या एका माणसाने आज जाळ्यात काय आलं आणि काय आलं नाही हे तारखेवार लिहिलं तर त्यातून मला जास्त कळतं.

समुद्रातलं थोडक्यात. १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी १९८१ च्या राज्याच्या कायद्याखाली, त्याची २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीला आणि बेकायदा पर्ससीन जाळ्यांना दंड लाखांत गेला आणि निकाल तहसीलदारांऐवजी मत्स्य विभागाकडे आला. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्र, एलईडीला तिथेही नोव्हेंबर २०१७ पासून बंदी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी आहेच. कासव, देवमासा, व्हेल शार्क जाळ्यात आला आणि जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, २०१८ च्या अखेरीपासून योजना आहे, तुमच्याकडच्या होडीवाल्यांना नक्की सांगा. पुळणीवर डांबरगोळे किंवा तेल आलं तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, आणि एक गोळा काचेच्या बरणीत जपून ठेवा, तेल कुठल्या प्रकारचं हे तपासून कळतं. सपाट केलेल्या उंचवट्यावर कासवं येत होती का? असतील तर वनविभागाला आजच कळवा, ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि तिथे शिक्षा अजून तुरुंगाचीच आहे.

आणि एक वही, जी प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, लोक जैवविविधता नोंदवही, २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते आणि आत दोन-चार औषधी झाडं लिहिलेली असतात. ती उघडायला लावा. तुमच्या वाडीतलं कांदळ कुठे ते कुठे, कुठलं कुठलं, कालवं कुठे मिळतात, शिंपल्या (तिसऱ्या) कुठल्या वाळूत, कासव कुठे चढतं, बोंबील खाडीच्या तोंडाशी कधी येतो, हे गट नंबरासकट त्यात लिहून घ्या आणि ग्रामसभेत ठराव करून मंजूर करा. सरकारी वहीत, गावाच्या ठरावाने, नुकसानाच्या आधी झालेली नोंद. तुमच्या बारा गुंठ्यांसाठी उशीर झालाय, पण त्याच खाडीत अजून कितीतरी कांदळ उभं आहे.

आता लगेच काय. पुढच्या अमावस्येला उधाण येईल, भरतीची वेळ पंचांगात नाहीतर होडीवाल्यांकडून कळेल. आदल्या दिवशी भरावाच्या दोन्ही बाजूंना जिथे अजून काही हललेलं नाही तिथे बांबूच्या सहा-सात काठ्या रोवा, वीस-वीस पावलांवर, प्रत्येकीवर नंबर. पाणी चढलं की ज्या काठीला टेकलं तिथे रंगाची खूण आणि फोटो, मागे जेटी येईल असा. पोलीस पाटलांना बरोबर घ्या, गावातली दोन म्हातारी माणसंही घ्या, आणि तिथल्या तिथे साध्या कागदावर वेळ, काठीचे नंबर आणि सगळ्यांच्या सह्या. रात्रीची भरती मोठी असेल तर बॅटरी न्या, आणि चिखलात एकटं कोणी उतरू नका. तो कागद, फोटो आणि गट नंबर मला पाठवा, उपग्रहाचे आधीचे-नंतरचे फोटो मी काढून देतो, अर्ज आपण बरोबर बसून लिहू.